सातारा-देवळाईकरांनो, आपलं नाव आधी इथल्या दप्तरात लावा

आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाई भागात नव्याने राहायला आलेल्या सगळ्यांसाठी लिहितेय. लांब झालंय, पण वाचा.

आपल्याकडे घर बांधलं की माणूस आधी बोअरवाल्याला फोन करतो, मग टँकरवाल्याला, मग जारवाल्याला. गल्लीत अंधार असला तर स्वतःच्या गेटवर मोठा एलईडी लावतो. पावसाळ्याच्या तोंडावर चार घरं वर्गणी काढून रस्त्यावर मुरूम टाकतात. सगळा पैसा आपल्याच खिशातला. मग हळूहळू मनात बसतं की महापालिकेशी आपलं देणंघेणंच नाही. मला हे अजिबात पटत नाही. जिथं सोयी कमी, तिथल्या माणसांनी तर महापालिकेच्या दप्तरात जास्त दिसलं पाहिजे. कराला नाव नाही, तक्रार कधी नोंदवली नाही, मतदान गावाकडं, असं असेल तर भरलेली वस्तीसुद्धा कागदावर रिकामीच दिसते.

सातारा आणि देवळाई या मूळच्या ग्रामपंचायती. २०१४ मध्ये दोन्ही मिळून नगरपालिका झाली आणि २०१५ मध्ये लगेच महापालिकेत विलीन झाली. वस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत होती. जालना, बीड, परभणीकडची माणसं नोकरीपायी आणि लेकरांच्या शिक्षणापायी इथं आली. आम्हीही अंबड तालुक्यातून तसेच आलो. घरं आधी झाली, पाइप आणि ड्रेनेजचा विचार नंतर. शहराचं पाणी जायकवाडीवरून, पन्नासेक किलोमीटर लांबून पंपाने उचलून आणावं लागतं. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं, पुढं तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. इतक्या मोठ्या योजनेतही शेवटी आपल्या घरात नळ घ्यायचा तर अर्ज आपणच करायचा असतो आणि त्याला घरपट्टीची पावती लागते. म्हणून सुरुवात घरपट्टीपासून करा.

खरेदीखत झालं, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) हातात पडला की काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. रजिस्ट्री ऑफिस वेगळं आणि महापालिकेचा कर विभाग वेगळा. मालमत्ता हस्तांतरित झाली की तीन महिन्यांच्या आत महापालिकेला कळवायचं असतं. ते राहिलं की बिल जुन्या मालकाच्या नावानं निघत राहतं. कित्येकांच्या घरी ते पोचतच नाही आणि थकबाकीवर व्याज चढत जातं.

आमच्या गल्लीतल्या एका काकांचं असंच राहिलं होतं. एसटीतून रिटायर झालेले, सगळ्या आयुष्याची कमाई त्या दोन खोल्यांत घातलेली. लोक त्यांना सांगायचे, "कशाला चकरा मारायलाव? एजंटाला द्या अन् मोकळे व्हा." मी म्हटलं, काका, माझ्यासंगं चला. इंडेक्स टूची झेरॉक्स, जुनी कर पावती, आधार आणि साध्या कागदावर लिहिलेला अर्ज, एवढंच घेऊन गेलो. खिडकीवरच्या ताईंनी रजिस्टर काढलं, जुन्या मालकाच्या नावावर बोट ठेवून काकांना दाखवलं आणि थकबाकी आधी भरून या म्हणाल्या. ती भरली, अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक पडला. काकांनी तो कागद घडी न करता फाइलीत ठेवला. घरी येईपर्यंत ती फाइल त्यांनी छातीशी धरली होती.

ही पोच सोडू नका. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तर अर्ज ठेवून येऊ नका, शांतपणे पोच मागा. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेली सेवा किती दिवसांत द्यायची, कोणी द्यायची, हे ठरलेलं असतं आणि त्याची यादी कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हे सगळं पोच असेल तरच. तोंडी विनंतीला मुदत नसते. नगरसेवकाला किंवा कुण्या भाऊंना फोन केला की दिवा लागतो, मलाही माहीत आहे. त्या दिव्याची नोंद कुठंच होत नाही, आणि पुढच्या वेळी परत भाऊंनाच फोन करावा लागतो. फोन करायचाच तर करा, पण आधी तक्रार नोंदवून नंबर घ्या.

गुंठेवारीतल्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवर घर असलेल्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं होत नाही. त्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. प्लॉट विकणारे हे सांगत नाहीत. "टॅक्स चालू आहे, काही अडचण नाही" एवढंच म्हणतात.

आता कचरा. आमच्या आत्याबाईंनी आयुष्यभर उकिरडा सांभाळलाय. शेणखताची एक गाडीसुद्धा त्या फुकट जाऊ द्यायच्या नाहीत. ओला-सुका वेगळा करायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. शिकलेल्या घरांतूनच सगळं एका पिशवीत बांधून येतं. घंटागाडीवरच्या ताई ती पिशवी हातानं फोडतात. एकदा भाजीच्या देठांत फुटका ग्लास निघाला, त्यांच्या अंगठ्याच्या पेरावर चीर गेली. त्यांनी पदराच्या टोकानं रक्त दाबलं आणि दुसऱ्या हातानं पुढची पिशवी उचलली. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे. काच, ब्लेड, पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायला किती वेळ लागतो? २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोत शहराचा कचरा टाकणं बंद झालं तेव्हा या शहरात रस्तोरस्ती ढीग लागले होते. ते दिवस बघितलेल्यांनी तरी हे मनावर घ्यावं.

मतदानावर मात्र आमच्याकडं दर वेळी वाद होतो. "गावात भावकी आहे, शेत आहे, सरपंचाच्या इलेक्शनला आपलं मत पाहिजे." मला ही ओढ कळते. गावचं मत सोडताना माझ्याही जिवावर आलं होतं. पण नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही, आणि आपली लेकरं रोज या रस्त्यावरून शाळेत जातात. इथल्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. एवढी वर्षं गल्लीतल्या माणसाला विचारायला निवडून आलेलं कुणी नव्हतं. महापालिकेची यादी विधानसभेच्या मतदारयादीवरूनच प्रभागवार फोडतात. तुमचं नाव विधानसभेच्या यादीत गावाकडं असेल तर इथल्या प्रभागात ते येणारच नाही. ऐन निवडणुकीत धावाधाव करून उपयोग नसतो. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइनही भरता येतो.

आमच्या गल्लीत आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत ज्यांची नावं अजून गावाकडं आहेत त्यांनी आधार, मतदान कार्ड आणि इथलं लाईट बिल घेऊन रविवारी सकाळी आमच्या घरी या. मी मोबाईलवर फॉर्म भरून देईन. वयस्कर माणसांना जिना चढवत नसेल तर तसं कमेंटमध्ये सांगा, मी खाली येईन.