ध्येय कसं ठरवावं : फेविस्टिक सोबत आणणे

आयुष्याचं ध्येय ठरवायचं असेल तर पहिली अट अशी, की ते रविवारी ठरवावं. कामाच्या दिवशी ठरवलेलं ध्येय टिकत नाही, असं आमच्या एचआरचं मत दिसतं. म्हणून गेल्या रविवारी सकाळी नऊला आम्हा सगळ्यांना एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. मेलमध्ये ‘उपस्थिती ऐच्छिक’ असं लिहिलं होतं आणि त्याखालीच हजेरीची लिंक. नोकरदारांना याहून जास्त सांगायला नको. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा तशाच लटकत होत्या आणि त्यांच्याखाली कॉलर माइक लावलेले सर. तिथे मिळालेलं ज्ञान एकटीने गिळणं बरं दिसत नाही, म्हणून वाटून टाकते.

ध्येय भव्य असावं. ‘गुडघा दुखतो, रोज अर्धा तास चालेन’ ही तक्रार झाली, ध्येय नव्हे.

ठरवल्या ठरवल्या ते स्टेटसला टाकावं. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत २००९ साली प्रयोग प्रसिद्ध केले. ‘मला अमुक व्हायचंय’ या आपल्या संकल्पाची दुसऱ्याने दखल घेतली, की माणसाला तिथे निम्मं पोचल्यासारखंच वाटतं आणि पुढची मेहनत कमी होते, असं त्यात दिसलं. म्हणजे फायदाच की! ‘मॅरेथॉनची तयारी सुरू’वर चाळीस अंगठे आले की बूट पुन्हा खोक्यात ठेवायला मोकळे.

मग व्हिजन बोर्ड, म्हणजे आपल्या स्वप्नांची चित्रं चिकटवलेला तक्ता. जुनी मासिकं, कात्री आणि फेविस्टिक घरून आणायचं होतं. (पोरांच्या शाळेचा प्रोजेक्ट आदल्या रात्री आठवतो तसंच हे. दहाला दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असताना मिळालं एकदाचं.) स्वप्न डोळ्यांसमोर रंगवा, ब्रह्मांड कामाला लागतं, असं सर म्हणाले. गॅब्रिएल ओटिंगन या बाईंच्या संशोधनात मात्र उलटंच दिसतं. वजन उतरवू पाहणाऱ्या ज्या बायकांनी आपलं सडपातळ रूप जास्त गोड रंगवलं, त्यांचं वजन कमी उतरलं. पण बाई अनेक वर्षं नुसतं संशोधन करत बसल्या, सरांकडे स्लाइड्स आहेत. आमच्या अकाउंट्समधल्या एका काकांनी दिवाळी अंकातून समुद्र कापून चिकटवला. सर खूश. ‘मालदीव?’ काका म्हणाले, ‘नाही, गावचं घर. निवृत्तीनंतर तिथे राहायचंय.’ ‘मोठा विचार करा, काका!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही.

सवय एकवीस दिवसांत लागते. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनकडून आला. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस जातात, असं त्याने १९६० साली लिहिलं होतं. रोजची नवी सवय लागायला किती दिवस जातात हे लंडनमध्ये खरोखर मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. तेव्हा एकवीस दिवसांत पहाटे उठणं जमलं नाही तर नाक बदलून बघावं.

आता सर्वात महत्त्वाची सूचना. ध्येयाबद्दल बोलताना हार्वर्ड म्हणायला विसरू नये. १९७९ साली म्हणे हार्वर्डमध्ये फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहून ठेवली होती आणि दहा वर्षांनी ते उरलेल्या ९७ टक्क्यांच्या दहापट कमवत होते. हीच कथा कधी येल विद्यापीठाची असते, साल १९५३ असतं आणि वीस वर्षं लोटलेली असतात. तुम्हीही ऐकली असेलच. फॅमिली ग्रुपवर मेव्हण्याने सूर्योदयाच्या चित्रावर छापून पाठवली असेल. अडचण एवढीच, की असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ साली एका अमेरिकन मासिकाने माग काढला, तर एका वक्त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. येललाही त्यांच्याकडे असलं काही सापडलं नाही. तेव्हापासून इतकी वर्षं झाली, आणि मला रविवारी, सुट्टीच्या दिवशी, लग्नाच्या हॉलमध्ये बसवून तीच थाप पुन्हा ऐकवली जाते!

बरं, थाप मारायची गरज काय होती? खरा अभ्यास आहे ना. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी त्यात आयुष्य घातलं. ‘जमेल तितकं करा’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय दिलं तर काम जास्त होतं, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांची गोष्ट घ्या. ‘जमेल तितकं भरा’ म्हटल्यावर ते कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या साठेक टक्के लाकूड भरत होते. ९४ टक्क्यांचं ध्येय दिलं, आणि काही महिन्यांत ते नव्वदच्या आसपास गेले. पण त्या चालकांना आधीच सांगितलं होतं, की गाठलं नाही तर कुणाला शिक्षा नाही. ही ओळ सरांच्या स्लाइडवर कशी असेल? आणि ध्येय माणसाने मनापासून स्वीकारलेलं हवं, ते गाठण्याची साधनं त्याच्या हातात हवीत, आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहायला हवं, हेही लॉक-लॅथमनीच लिहिलंय. ते कोण वाचणार? त्याला टाळ्या पडत नाहीत.

हे सोडून नुसता आकडा माणसाच्या डोक्यावर ठेवला की काय होतं, तेही जगाने पाहिलंय. वेल्स फार्गो बँकेला प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ योजना मारायच्या होत्या. कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि घरी गेली ती पाच हजारांवर साधी माणसं. अमेरिकेचं तरी कशाला सांगायचं? तुमचे बाबा एफडी रिन्यू करायला जातात आणि पंधरा वर्षांची पॉलिसी घेऊन येतात, तेव्हा काउंटरवरची पोरगी आपलं ‘ध्येय’च गाठत असते. महिनाअखेर असतो बिचारीचा.

शेवटची सूचना फॉर्म भरण्याची. दुपारी साडेतीनला तो वाटला. मथळा : ‘माझी वैयक्तिक ध्येये’. पहिली ओळ आधीच छापलेली : विक्रीत २० टक्के वाढ. वर्षभरात चार जण सोडून गेले, एकाचीही जागा भरली नाही, आणि ही माझी वैयक्तिक ध्येयं!

नाही, आता उपरोध पुरे. अहो, लाज वाटू द्या. टार्गेट तुमचं आहे तर टार्गेट म्हणून द्या, आम्ही नोकरी करतो, आमच्या परीने गाठूही. त्याला माझं स्वप्न म्हणायला लावू नका. चार माणसांचं काम एकीवर टाकायचं आणि ती दमली की तिच्या मनात जिद्द नाही म्हणून वक्ता आणायचा? त्या वक्त्याच्या मानधनात एक माणूस दोन महिने कामावर ठेवता आला असता. आणि सर, तुम्हीही. पैसे घेऊन शिकवता ना, मग सांगण्याआधी एकदा शोधून बघायला काय होतं? पाच मिनिटांचं काम आहे, फोन तुमच्याही खिशात असतो.

उरलात तुम्ही, माझ्याच रांगेत बसलेले. बाराला ‘जेवण कधी आहे’ म्हणून कुजबुजत होतात आणि सरांनी ‘कोण तयार आहे?’ विचारताच हात वर करून उभे राहिलात. संध्याकाळी त्या फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच चांदण्याही दिल्यात. त्या चांदण्या दाखवूनच एचआरने दुसऱ्या सत्राचं बजेट मंजूर करून घेतलंय.