आत्याबाईंचा ओठ

गेल्या रविवारी भाच्याचे बारसे होते आणि नेमका शुक्रवारी माझा खालचा ओठ चुरचुरू लागला. शनिवारपर्यंत तिथे पाणीदार फोडांचा घोस धरला. बारा दिवसांच्या बाळाला या फोडांचा हर्पिस विषाणू लागला, तर तो मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतो, म्हणून मी आपण होऊन म्हणाले, की कानात नाव मी सांगणार नाही.

वहिनीच्या मावशींनी चष्मा वर सरकवून माझा ओठ निरखला.

"झुरळाने चाटले असेल. तोंड न धुता झोपतेस का?"

"मावशी, हा विषाणूचा फोड आहे. माणसाकडून माणसाला होतो."

"म्हणजे कुणाचे उष्टे खाल्लेस?" आणि आवाज खाली आणून, "की..." असे म्हणत त्यांनी कोपऱ्यात निमूटपणे घुगऱ्या खात बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे असे काही पाहिले, की त्या गृहस्थाला ठसका लागला.

मी सांगत राहिले, की बहुतेकांना हा लहानपणीच मिळतो, बहुधा कुणीतरी लाडाने घेतलेल्या पापीतून. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभराचा बिऱ्हाडकरू होऊन बसतो आणि ताप, ऊन, दगदग असे काही निमित्त मिळाले, की त्याच वाटेने ओठावर उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांत तो आहे. मलाही तो अशाच कुणा मायाळू नातेवाइकाने दिला असणार, पण त्या पापीचा जाब कुणी विचारत नाही आणि झुरळाचा हिशोब मात्र मी द्यायचा!

"साडी मनासारखी मिळाली नाही, म्हणून रुसली आहे," असा निकाल देऊन मावशी पुढे झाल्या, "कुर्रर्र" करून त्यांनी नाव सांगितले आणि वर बाळाचा चांगला ओला मुका घेतला.

"अहो, मुका नका घेऊ!" मी ओरडले.

"मला कुठे फोड आला आहे?"

फोड नसतानाही विषाणू लाळेतून जाऊ शकतो, हे सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात माझ्या पाठीत दणादण गुद्दे बसले. नाव कुणीही सांगो, गुद्दे आत्यालाच, असे मावशींनी पोरांना बजावून ठेवले होते.