"झोपू दे त्याला, सकाळी उतरेल"

पार्टीत एखादा पोरगा आडवा झाला की मित्र त्याला पलंगावर टाकतात, अंगावर पांघरूण घालतात आणि हे वाक्य म्हणून दार ओढून घेतात. कॉलेजातल्या दारूबद्दल कितीही बोललं जात असलं, तरी मला खरी भीती या वाक्याची वाटते.

तो झोपला तरी पोटातली दारू रक्तात जातच असते. लिव्हर तासाला जेमतेम एक पेग निस्तरतं. पैजेवर अर्ध्या तासात पाच-सहा रिचवले असतील तर आडवा झाल्यावरही चढतच राहते. काळी कॉफी, लिंबू, डोक्यावर गार पाणी, कशानेही ती उतरत नाही. (गार पाण्याने उलट अंग आणखी थंड पडतं.) उताण्या झोपलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, कारण ठसका लागायची शुद्धच नसते. त्यात कुणी 'टेन्शनची' किंवा झोपेची गोळी टाकली असेल, तर दोन्ही मिळून श्वासच मंदावतो.

पोरांना यातलं फारसं माहीत नसतं. पक्कं माहीत असतं ते एवढंच, की रेक्टरला कळलं तर हॉस्टेल सुटणार आणि घरी फोन जाणार. म्हणून आधी बाटल्या लपवल्या जातात, खोलीत डिओ मारला जातो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ॲम्ब्युलन्स बोलवायची का रे?

मदतीला फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर पिण्याबद्दल कारवाई करायची नाही, असा नियम अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी केला आहे. अशाने पोरं सोकावतील, असं म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. शिक्षा आहे म्हणून कोण प्यायचं थांबलंय? फक्त दार आतून लावून पितात.

पहिल्या आठवड्यात व्यसनमुक्तीची शपथ घ्यायला लावता ना, खुशाल लावा. त्यातली दहा मिनिटं तेवढी द्या. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते पोरांकडून करून घ्या. हलवून, चिमटा काढून उठत नसेल, ओठ निळे पडत असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, तर तिथेच फोन लावायचा, हे सांगा. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं, गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत न्यायचं, हेही. आणि हॉस्टेलच्या नियमावलीत फोन करणाऱ्याला अभय देणारी एक ओळ घाला, रेक्टरच्या सहीनिशी.