चढ थोडासाच आहे

माझी भाची लिस्बनला असते. "मामा, सप्टेंबरात इकडे ये, पाच दिवस सायकलवर जुनी गावं बघू," असं ती फोनवर म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एक सुरेख चित्र उभं राहिलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, मधून मी चाललोय, शीळ घालतोय. त्या चित्रातला रस्ता सपाट होता. चित्र मीच काढलेलं, त्यामुळे तक्रार करायला कुठे जागा नाही.

"चढ किती आहे गं?" एवढं मी विचारलं होतं.

"थोडासाच."

ही भाची आठ वर्षांची असताना मी तिला साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर नेलं होतं. "आता आलंच हं, थोडंसंच राहिलंय" हे वाक्य मी तेव्हा किमान अकरा वेळा उच्चारलं असेल. पोरं विसरत नाहीत. व्याज लावून ठेवतात.

पोर्तुगालच्या पूर्वेला, स्पेनच्या हद्दीला लागून, बैरा नावाचा मुलुख आहे. तिथली बारा गावं 'ऐतिहासिक गावं' म्हणून जपलेली आहेत आणि त्यांना जोडणारी साधारण सहाशे किलोमीटरची एक वाट आहे. माझ्या वयाचा विचार करून भाचीने त्यातली फक्त चार निवडली. वयाचा आणखी थोडा विचार करून तिने बॅटरीवाली सायकल सुचवली, ती मी बाणेदारपणे नाकारली. कैची मारत सायकल शिकलेला माणूस मी. बॅटरी काय लावायची! हे उद्गार मी लिस्बनमध्ये, समुद्रसपाटीवर, बसून काढले होते.

'ऐतिहासिक' या शब्दाने माझा घात केला. निदान साताऱ्याच्या माणसाला तरी कळायला हवं होतं की इतिहास सपाटीवर घडत नाही. पण मी अजिंक्यतारा आयुष्यभर बहुतेक खालूनच पाहिलेला. किल्ला बांधणाऱ्याचा हेतू साधा असतो: खालच्या माणसाने वर येऊ नये, आणि आलाच तर दमलेला यावा. आधी मूर, मग शेजारचे लिओन आणि कॅस्टिलवाले, अशा सगळ्यांना दमवण्यासाठी इथल्या राजांनी दिसेल त्या टेकाडावर तटबंदी घातली. १२९७ साली आल्कान्यिसेसला तह होऊन हद्द ठरली, भांडणं यथावकाश मिटली, पण चढ कुणी मागे घेतला नाही. सातशे वर्षांनंतर मी त्या वेशींपाशी पोहोचलो तो बांधणाऱ्याच्या मनासारखाच. तोंडाने श्वास, पाय लटलट, आणि कुणालाही धोका नाही. फरक इतकाच की शत्रू फुकट यायचा, मी भाडं भरून आलो होतो.

पहिलं गाव बेलमोंते. रेल्वे स्टेशन खाली दरीत आणि गाव वर. सायकल ढकलत वर पोहोचल्यावर भाचीने सांगितलं की बेलमोंते म्हणजे देखणा डोंगर. हे आधी सांगता आलं असतं. गावात पेद्रू आल्वारिश काब्रालचा पुतळा आहे, तो इथलाच. १५०० साली तेरा जहाजं घेऊन हा भारताकडे निघाला, वाटेत त्याला ब्राझील लागलं, आणि तिथून पुढे तो कालिकतला आलाच. या गावचा माणूस एवढ्या लांब का गेला याची कारणं इतिहासकार मसाल्यांत शोधतात. मला पुतळ्याखाली पोटऱ्या दाबत बसल्याबसल्या वेगळंच कारण दिसलं. समुद्र सपाट असतो.

याच गावात ज्यूंची काही घराणी वरवर ख्रिस्ती होऊन, आत आपला धर्म सांभाळत चारपाचशे वर्षं राहिली. १९९६ साली त्यांचं उघड सिनेगॉग झालं. इतकी शतकं एक गोष्ट पोटात ठेवणाऱ्या लोकांपुढे मी 'गुडघा दुखतोय' हे पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सोर्तेल्या. आता चढाबद्दल. चढावर सायकलस्वार तीन अवस्थांतून जातो. आधी तो गिअर बदलतो. मग गिअर संपतात, तरी बोटं खटका दाबतच राहतात. देवळात घंटा वाजवून झाल्यावरही हात वर राहावा तसं. शेवटी तो खाली उतरतो आणि आजूबाजूचं सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठी उतरलोय असा चेहरा करतो. मी त्या दिवशी बरंच सृष्टिसौंदर्य पाहिलं. गुडघ्याएवढी वाळलेली झुडपं, हत्ती बसल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे, आणि बॅटरीच्या सायकलवरून माझ्या शेजारून गेलेलं एक जर्मन जोडपं. त्यांचं वय माझ्याहून दहा वर्षांनी सहज जास्त असेल. बाई जाताजाता चक्क सफरचंद खात होत्या.

सोर्तेल्याच्या वेशीबाहेर दगडी बाकावर तीन आज्या बसल्या होत्या. काळे कपडे, हातात विणकाम. मला पाहून त्यातली एक मान हलवत म्हणाली, "कोइतादीन्यू!" दुसरीने दुजोरा दिला, "कोइतादीन्यू!" तोवर रस्त्यात एका ट्रॅक्टरवाल्याने मला "फोर्सा!" अशी आरोळी दिली होती, तिचा अर्थ 'जोर लाव' असा होता. हेही त्यातलंच समजून मी छाती काढली, हात उंचावला आणि तिघींना उद्देशून "ओब्रिगादू! ओब्रिगादू!" असे दणदणीत आभार मानले. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मामा," भाची खालच्या आवाजात म्हणाली, "त्या 'बिचारं गं' म्हणाल्या."

वर किल्ल्याच्या दारावर एक सज्जा आहे, पिलाताचा व्हरांडा म्हणतात त्याला. त्याच्या तळाला भोकं आहेत. खालून शत्रू आला की त्यांतून त्याच्या डोक्यावर दगडधोंडे सोडायचे. व्हरांडा हा शब्द त्यांनी आपल्याला दिला की आपण त्यांना, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. वापर मात्र त्यांनी जास्त कल्पक केला.

शब्दांवरून आठवलं. या देशात मराठी माणसाला परकं वाटणं अवघड आहे. उपाहारगृहात सूप आलं त्यात बाताता आणि कोव्ह, म्हणजे आपले बटाटा आणि कोबी. कोबी जरा रानटी होता एवढंच. सोबत पाव. खोलीची चावी मागायची तर शाव्ह. मी शाकाहारी असल्यामुळे सुपातली सॉसेजची चकती भाचीच्या वाटीत गेली आणि माझ्या वाट्याला तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज आलं. ते दूध एका काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात, वासराच्या पोटातलं काही त्यात घालत नाहीत, हे कळल्यावर मी चीजची अख्खी चकती एकट्याने संपवली. वरचं कवच बाजूला केलं की आत चमच्याने खावं असं मऊ. दुसऱ्या दिवशीच्या चढावर ती चकती माझ्याबरोबर होती, हे प्रत्येक वळणावर जाणवत होतं.

पण या भाषाभगिनीच्या प्रेमानेच मला पेनामाकोरच्या अलीकडे बुडवलं. मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब आम्ही बदलली. भाड्याच्या सायकलीबरोबर मिळालेला पंप मात्र हवा सोडून बाकी सगळे आवाज काढत होता. ऊन तीसच्या वर. रस्त्याकडेची घरं नवी, रंगवलेली आणि कुलूपबंद. इथली माणसं पोटासाठी फ्रान्स-स्वित्झर्लंडला जातात आणि ऑगस्टमध्ये गाव भरून टाकतात. म्हणजे आपले गणपतीतले चाकरमानीच. आम्ही पोहोचलो ते विसर्जनानंतर.

शेवटी द्राक्षवेलीच्या मांडवाखाली एक आजोबा दिसले. भाची सावलीत बसून चाकाशी झगडत होती, म्हणून मीच पुढे झालो. पंपाला पोर्तुगीजमध्ये बोंबा म्हणतात हे मला ठाऊक होतं. आपला बंब त्यातूनच आला. मी आत्मविश्वासाने म्हणालो, "बोंबा?"

आजोबांनी हात लांब करून रस्ता दाखवला. पेनामाकोर. बोटांनी सांगितलं, आठ किलोमीटर. मी मान हलवून पुन्हा, "बोंबा!" त्यांनी पुन्हा तोच रस्ता दाखवला, या खेपेस मोठ्याने. इकडे पेट्रोल पंपालाही बोंबाच म्हणतात. सायकल घेऊन पेट्रोल शोधणाऱ्या माणसाकडे जसं बघावं तसं ते माझ्याकडे बघत होते. मग मी दोन्ही मुठी छातीशी धरून हवा भरण्याचा अभिनय केला, तोंडाने 'फुस्स फुस्स' केलं. आजोबांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी घाईने मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणलं. मला दम्याचा झटका आलाय असं त्यांना वाटलं असावं.

तेवढ्यात भाची चाक घेऊन आली आणि उलगडा झाला. त्यांनी गोठ्यातून लाकडी मुठीचा एक जुनापुराणा पंप काढला, आम्हाला हात लावू न देता स्वतः हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून बघितलं, अगदी आमच्या पेठेतल्या सायकलवाल्यासारखं, आणि निघताना माझ्या पिशवीत अंजिरं भरली. चार देऊन थांबले, माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आणखी चार घातली.

मोंसांतोविषयी काय सांगू! मोंसांतो म्हणजे पवित्र डोंगर, हे मी यावेळी आधीच विचारून ठेवलं होतं. त्याने चढ कमी झाला नाही. घराएवढे धोंडे, त्यांच्या फटींतून घरं. एका घराचं अख्खं छप्पर म्हणजे एकच धोंडा. १९३८ साली हे गाव 'सर्वांत पोर्तुगीज गाव' ठरलं आणि बक्षीस म्हणून चांदीचा कोंबडा मिळाला. त्याची प्रतिकृती घड्याळाच्या मनोऱ्यावर आहे. दंतकथा अशी की वेढा पडून दाणागोटा संपत आला, तेव्हा गावकऱ्यांनी उरलेलं धान्य शेवटच्या वासराला चारून ते तटावरून खाली फेकलं. यांच्याकडे अजून इतकं आहे असं वाटून शत्रू निघून गेला. गावकऱ्यांची हुशारी मला मान्य आहे. पण त्या वाटेवर सायकल ढकलल्यानंतर माझं मत असं की शत्रू परतायला निमित्तच शोधत होता.

मग इदान्या-आ-वेल्या. आणि काय सांगू, सपाट! नदीकाठी, ऑलिव्हच्या झाडांत, एकाही चढाशिवाय. मी वेशीतून सायकलवर बसून आत शिरलो. पाच दिवसांत पहिल्यांदा. रोमन काळात हे मोठं शहर होतं, इजितानिया. पुढे बिशपचं पीठही इथेच होतं. मग बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर ते पीठ इथून उचलून ग्वार्द्याला नेलं, हजार मीटरहून उंच डोंगरावर. ग्वार्द्याचे लोक आजही स्वतःला इजितानियाचे म्हणवतात. खालचं शहर मात्र गाव होऊन बसलं. सपाटीवर राहिल्याची शिक्षा. मी त्या जुन्या चर्चच्या भिंतीला पाठ लावून बसलो, अंजीर खाल्लं आणि बिशपला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले.

"उद्या निघायचं," भाची नकाशा घडी करत म्हणाली. "पन्नासेक किलोमीटरवर स्टेशन आहे, तिथून लिस्बनची गाडी."

"स्टेशन कुठलं?"

"कास्तेलो ब्रांको."

पाच दिवसांत माणूस शिकतो. मी अंजीर खाली ठेवलं. "ब्रांको म्हणजे?"

"पांढरा."

"आणि कास्तेलो?"

भाची उठली, कपडे झटकले आणि सायकलच्या चाकातली हवा तपासायला लागली.

"थोडासाच आहे, मामा."