बहिष्कार फक्त प्रेक्षकांनीच घालायचा?
सौदी मालकीचा निषेध म्हणून न्यूकॅसल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी सामने बघणं सोडावं, हा वाचलेल्या एका लेखातला सल्ला नेरुळमध्ये बसून पटकन पटतो. सौदी सरकारी निधीने क्लब घेतला 2021 मध्ये, सौदी हस्तकांनी केलेली पत्रकार जमाल खशोगींची हत्या 2018 ची. विसरण्याइतकी जुनी नव्हतीच.

पण आपली मुंबई सिटी, आपला इथला फुटबॉल क्लब? 2014 मध्ये इथे डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची तेव्हापासून आम्ही तिचे. 2019 मध्ये अबुधाबीचा पैसा असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीचे मालक) 65 टक्के हिस्सा घेतला, 2020-21 ला इंडियन सुपर लीगची शील्ड (साखळीत अव्वल आल्याची) आणि करंडक दोन्ही आले (तेही गोव्यात, रिकाम्या स्टेडियमात). पैसा कुणाचा, हे आम्हा चाहत्यांच्या ग्रुपवर कुणीही विचारलं नाही. न्यूकॅसलवाले निदान आपसात भांडतात तरी. आणि न्यूकॅसल विकणारे माइक ॲशली, विक्रीला मंजुरी देणारी इंग्लंडची प्रीमियर लीग, त्यांना लेखात एक ओळही नाही?