पासवर्ड बरोबरच हाय की वो!

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर फॉरमॅट मारून विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली बसवून देणाऱ्यांना काम मिळालं. टाका की, धडधाकट मशीन भंगारात कशाला घालायचं? पण जाताना त्या लॉगिनच्या स्क्रीनकडं बघून तरी जावा! कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या घाईत पट्टी करायला बसलेल्या माणसापुढं काय येतं, तर दोन रिकामे चौकोन आणि कोपऱ्यात नखाएवढी चार चिन्हं. आणि काहीही बिघडलं तरी उत्तर एकच: पासवर्ड चुकीचा. अरे, जरा इस्कटून सांग की!

पहिलं नावच घ्या. शाळेत शिकवल्याप्रमाणं माणूस पहिलं अक्षर कॅपिटल टाकतो. लिनक्स ज्याच्यावर बेतलंय त्या युनिक्सला कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी माणसं. शिवाय डेबियन या लिनक्समधली नवा युजर बनवायची आज्ञा, ॲडयुजर, मूळ सेटिंगमध्ये कॅपिटलवालं नाव घेतच नाही. म्हणजे चुकलंय नाव आणि शिव्या खातोय पासवर्ड. अमुक युजर आहे की नाही हे बाहेरच्याला कळू नये म्हणून असं करतात, मान्य. सर्व्हरवर करा! अडत दुकानाच्या गल्ल्यावर कोणापासून लपवताय? डेबियनचा लाइटडीएम, म्हणजे लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम, युजरांची यादी आपणहून झाकून ठेवतो. कॉन्फिग फाइलमध्ये ग्रीटर-हाइड-युजर्स फॉल्स केलं की नावं दिसायला लागतात, टाइप करायची भानगडच नाही. एका ओळीचं काम, तेवढंही होत नाही.

मग कीबोर्ड. गिऱ्हाईक मराठी मागतं म्हणून इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड टाकता, आणि यादीत तोच पहिला ठेवता. लॉगिनला ठिपके उमटतात, माणसाला वाटतं इंग्रजी पडतंय, आत जातंय भलतंच. युजरच्या डेस्कटॉपवर केलेली सेटिंग लॉगिनला लागू नसते, तिथं सिस्टीमची चालते. त्यामुळं ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्ट फोल्डरमधली कीबोर्ड नावाची फाइल उघडा, आधी यूएस, मग इंडिया. चालू लेआउट स्क्रीनवर दिसू द्या आणि पासवर्ड उघडा करून बघायचा डोळा असलेलाच ग्रीटर, म्हणजे लॉगिनची स्क्रीन काढणारा प्रोग्रॅम, निवडा.

नमलॉकचं तर विचारूच नका. हिशेबाच्या माणसाचा हात उजवीकडच्या आकड्यांवर बसलेला. नमलॉक बंद असला तर शून्य म्हणजे इन्सर्ट, चार म्हणजे डावा बाण. ठिपकासुद्धा उमटत नाही. नमलॉक आपोआप चालू करणारा नमलॉकएक्स टाकून लाइटडीएमच्या ग्रीटर-सेटअप-स्क्रिप्टमध्ये लावायचं, दोन मिनिटं. त्यात पासवर्ड तपासणारा पॅम प्रत्येक चुकीनंतर दोनेक सेकंद मुद्दाम थांबतो, माणसाला मशीन हँग झालं वाटतं, तो परत एंटर मारतो. चुका मोजणारा फेललॉक मूळ सेटिंगवर चालू असेल तर पंधरा मिनिटांत तीन चुका झाल्या की खातं दहा मिनिटं बंद. तोवर नमलॉक कळला तरी बरोबर पासवर्डही चालत नाही!

आणि ते कोल्हापुरी लॉगिन! खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. पासवर्ड बरोबर, एंटर, स्क्रीन काळी, परत लॉगिन. पन्नास वेळा करा. कारणं बहुतेक दोन. कोणीतरी सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मालक-खात्याचे (रूटचे) अधिकार घेऊन, डेस्कटॉप सुरू करायची स्टार्टएक्स आज्ञा चालवली आणि युजरच्या होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडं गेली. नाहीतर डिस्क भरली. डिस्कवर फाइली मांडायची ईएक्सटी४ पद्धत मूळ सेटिंगमध्ये पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणून मशीन सुरू होतं, लॉगिनही दिसतं, पण युजरला एक बाइट लिहिता येत नाही आणि सेशन कोसळतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, नुसत्या अक्षरांची काळी स्क्रीन येईल, तिथं लॉगिन करा (इथं पासवर्डचे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, म्हणजे नवख्याचं टकुरं पुरतं फिरणार), डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ आज्ञा चालवा. शंभर टक्के दिसले तर ॲप्ट क्लीन करून उतरवलेली पॅकेजं पुसा, जर्नल (सिस्टीमच्या नोंदी) शंभर एमबीवर आणा. नसेल भरली तर मालकी बदलणारी सीएचओन आज्ञा वापरून ती एक्सऑथॉरिटी फाइल युजरच्या नावावर करा. हे गुळाच्या व्यापाऱ्यानं करायचं? डिस्क भरली, जागा करा, एवढं वाक्य स्क्रीनवर लिहायला ग्रीटरवाल्यांना काय धाड भरलीय?

चुकून सेशनच्या, म्हणजे कुठला डेस्कटॉप उघडायचा त्याच्या, चिन्हावर क्लिक झालं आणि नुसत्या खिडक्या सांभाळणारा ओपनबॉक्स निवडला गेला की नुसती करडी स्क्रीन. निवड लक्षात राहते, म्हणजे उद्याही करडी. ही यादी एक्ससेशन्स आणि वेलँड-सेशन्स फोल्डरमधून येते, त्यात ज्याचं काम नाही त्याचं पॅकेज काढा, संपलं. 

यातून पळवाट म्हणून ऑटोलॉगिन (पासवर्ड न विचारता थेट आत) करून देणारे महाभाग वेगळेच. साठवलेले पासवर्ड ठेवायची तिजोरी, म्हणजे किरिंग, लॉगिनच्या पासवर्डनं उघडतं. पासवर्डच टाकला नाही तर ते बंद राहणार आणि ब्राउझर उघडला की पासवर्ड मागणार. कुठला पासवर्ड, हे दुकानात कोणालाच माहीत नाही.

तेव्हा पैसे मोजून घ्यायच्या आधी मशीन पूर्ण बंद करा. ज्याला रोज बसायचंय त्यालाच चालू करून आत शिरू दे, आकडे उजवीकडचेच मारू दे, शटडाउनचं बटण त्यालाच शोधू दे. तुम्ही हात मागं बांधून उभं राहा. माउस हिसकावून घ्यायचा नाही.