‘दगडांचा ढीगच तो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वेल्सच्या डोंगरमाथ्यांवर कांस्ययुगातल्या दगडी समाध्या आहेत. त्यांतले दगड उचलून गिर्यारोहकांनी वाऱ्याला आडोसा करू नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘शेवटी दगडांचा ढीगच तो. चार दगड हलले तर काय बिघडलं? तिथले लोक तरी वेगळं काय करत आलेत?’

बिघडतं ते असं. १८३३ साली मोल्ड गावाजवळ मजूर अशाच एका ढिगातले दगड काढत होते. आत माणसाची हाडं, अंबरचे (झाडांच्या जुन्या, कडक झालेल्या राळेचे) मणी आणि चेपलेला सोन्याचा पत्रा निघाला. पत्र्याचे तुकडे मजुरांनी वाटून घेतले. मणी जवळजवळ सगळेच गेले. पोटासाठी दगड फोडणाऱ्यांना मी बोल लावणार नाही. पण कुठली वस्तू कुठे, कशावर होती हे कायमचं पुसलं गेलं. म्हणून तो पत्रा घोड्याच्या छातीवरचा दागिना असावा, असं बरीच वर्षं मानत होते! मग तुकडे जुळवल्यावर उलगडलं, की ते माणसाच्या खांद्यांवरचं लेणं आहे. सोन्याच्या एकाच गोळ्यातून ठोकून काढलेलं, मण्यांच्या सरींसारखी नक्षी उठवलेलं, आणि इतकं अरुंद की घालणाऱ्याचे दंड जखडून जावेत. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते कुणी घातलं होतं, हे सांगू शकणारी हाडं मात्र हाती नाहीत.

वेल्समधल्याच ब्रिन काडर व्हानर इथली समाधी तर दोनदा मोडली. एकोणिसाव्या शतकात धनाच्या आशेनं कुणीतरी मधोमध खड्डा पाडला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्कराच्या सरावात पूर्वेकडच्या शिळा गेल्या. उरलेल्या बाहेर झुकलेल्या शिळा अजूनही मुकुटासारख्या दिसतात.

आता ‘तिथल्या लोकांचं’ बोलू. ल्हीन द्वीपकल्पावर त्रेर केइरी नावाचा लोहयुगीन डोंगरी किल्ला आहे. दगडी तट काही ठिकाणी चार मीटर उंच, आत सुमारे दीडशे घरांचे अवशेष. एवढ्या बांधकामाला दगड किती लागला असेल! आणि किल्ल्याच्या आतच, सगळ्यात उंच जागी, त्याहून कितीतरी जुनी समाधी आहे. हाताशी असलेला तो ढीग किल्ला बांधणाऱ्यांनी उपसून संपवला नाही. मला तरी हा योगायोग वाटत नाही. पेम्ब्रोकशरच्या वोएल द्रिगार्न किल्ल्यातही तीन मोठ्या समाध्या अशाच आत राखलेल्या दिसतात.

तेव्हा जरूर जा. वारा लागला तर माथ्याच्या दुसऱ्या अंगाला बसा, शिळांवर चढू नका, आणि आपलाही एक दगड वर ठेवायचा मोह आवरा.